डाव्या बाजूचं मीठ

आपल्याकडे ताट वाढायची सुरुवात मिठापासून. मग लिंबू, चटणी, लोणचं. हात तसाच वळलेला. दोन वर्षांपूर्वी ह्यांची अँजिओप्लास्टी झाली आणि माझा तो हात थबकला.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी हवं, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. जास्त मिठाने रक्तदाब वाढतो आणि त्याचा भार हृदयावर पडतो. रोज चालावं हे खरंच, पण माझ्या मते सुरुवात ताटापासून करावी. आता मी पानात मीठ वाढत नाही, लोणचं सणावारी, कोशिंबिरीला लिंबू जरा जास्त.

पहिले पंधरा दिवस ह्यांची कुरकुर होती. परवा लेकीकडे जेवताना स्वतःच म्हणाले, "आमटी खारट झालीये गं!"

मी मनातल्या मनात पैकीच्या पैकी मार्क दिले.