‘आम्हीं केलें’ एवढ्यानें काय सिद्ध होतें?

बाँबस्फोट होऊन मृतांची ओळख पटते न पटते तोंच कोणी अज्ञात इसम एखाद्या वर्तमानपत्रास ‘हें कृत्य आमचें’ असें कळवितो, आणि दुसऱ्या दिवशीं त्यानें सांगितलेलें नांव मोठ्या टाइपांत छापून येतें, ही आतां रीतच पडून गेली आहे. तें नांव लोणावळ्याच्या बाजारांत पोहोंचलें म्हणजे दुकानाच्या फळीवर बसून त्याचा न्यायनिवाडाही होऊन जातो. हा निवाडा उतावळा तर खराच. परंतु पुष्कळदां स्फोट घडविणारास जो पाहिजे असतो तोच तो असतो, हें आम्हांस येथें दाखवावयाचें आहे.

२००८ च्या नोव्हेंबरांत मुंबईवर हल्ला होऊन १६६ माणसें मारलीं गेलीं. हल्ला चालू असतांनाच ‘दख्खन मुजाहिदीन’ या नांवानें वृत्तपत्रांकडे ई-मेल आला. दख्खन हा शब्द आम्हां मावळकरांस परका नाहीं. ‘दख्खनची राणी’ १९३० पासून आमच्या घाटांतून जात-येत आहे. तो शब्द आपल्या घरचा आहे म्हणूनच निवडला होता. मारेकरी कराचीहून समुद्रमार्गें आलेले. त्यांचे सूत्रधार दूरध्वनीवरून त्यांस पढवीत होते कीं, कोणी विचारल्यास हैदराबाद-दख्खनचे म्हणून सांगा. कसाबाजवळ समीर चौधरी या नांवाचें बनावट ओळखपत्र होतें. तुकाराम ओंबळे यांनीं स्वतःचे प्राण देऊन त्यास जिवंत धरविलें नसतें, आणि ते दूरध्वनि पोलिसांनीं टिपले नसते, तर आज हैदराबादच्या किती निरपराध घरांवर त्या पापाचा शिक्का बसला असता? सर्वोच्च न्यायालयानें २०१२ च्या ऑगस्टांत कसाबाची फांशी कायम केली, तेव्हां हीं संभाषणें त्याच्यापुढें होतीं.

पुण्याची गोष्ट तर अधिक जवळची. ता. १३ फेब्रुवारी २०१० रोजीं, शनिवारीं सायंकाळीं, कोरेगांव पार्कांतील जर्मन बेकरींत स्फोट होऊन १७ जण मृत्यु पावले. थोड्याच दिवसांत एका इंग्रजी पत्राच्या इस्लामाबादेंतील बातमीदारास दूरध्वनि आला कीं, हें काम ‘लष्कर-ए-तोयबा अल आलमी’ चें. हें नांव तोंपर्यंत बहुतेकांनीं ऐकलेंही नव्हतें. पुढें तपास ‘इंडियन मुजाहिदीन’ कडे वळला, एका आरोपीस २०१३ सालीं फांशी सुनावली गेली, आणि २०१६ च्या मार्चांत मुंबई उच्च न्यायालयानें त्यास कट व खुनाच्या आरोपांतून मुक्त करून स्फोटकें बाळगल्याबद्दलची जन्मठेप तेवढी राखली. पंचनामा, साक्षी, उलटतपासणी इतकें सर्व होऊनही जेथें सत्य असें हातांतून निसटतें, तेथें तारेवरच्या एका आवाजाची काय मातब्बरी?

पोलिसांपुढें दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करतां येत नाहीं, हा दंडक १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत होता व २०२३ च्या नव्या अधिनियमांतही आहे. नांव-गांव असलेल्या मनुष्याच्या कबुलीस कायदा इतका भितो. निनावी मनुष्याच्या कबुलीस मात्र आम्ही वेदवाक्य मानतों!

यावर कोणी म्हणेल, न केलेलें पाप कोण आपल्या माथीं घेईल? व्यापाऱ्यांस तरी ही शंका येऊं नये. चिक्कीच्या खोक्यावर नामांकित दुकानाचें नांव दिसलें म्हणून माल त्याच दुकानाचा, असें लोणावळ्यांतील पोरही मानीत नाहीं. ज्यांचा माल भीति हाच आहे, त्यांस दुसऱ्याचा स्फोट आपल्या नांवावर खपविण्यांत नफाच आहे. आणि ज्यास स्वतःचा स्फोट दुसऱ्याच्या नांवावर घालावयाचा आहे, त्यास त्याहून अधिक. नकारही तितकाच फसवा. २०२५ च्या एप्रिलांत पहलगाम येथें २६ जणांची हत्या झाली. त्यांत महाराष्ट्राचे सहा होते. ‘टीआरएफ’ नांवाच्या टोळीनें इंटरनेटवरून जबाबदारी घेतली, आणि काहूर उठतांच, आमच्या यंत्रणेंत कोणी शिरून तें लिहिलें, असें म्हणून ती झटकून टाकिली. जुलैंत अमेरिकेनें ही टोळी लष्कर-ए-तोयबाचाच मुखवटा असल्याचें जाहीर केलें.

सर्वच दावे खोटे असतात असें आमचें म्हणणें नाहीं. २६ जुलै २००८ रोजीं अहमदाबादच्या स्फोटांपूर्वी कांहीं मिनिटें ई-मेल पोहोंचला होता. जें घडावयाचें तें आधीं ज्यास ठाऊक, त्याच्या म्हणण्यास वजन आहेच. पण तो ई-मेल नवी मुंबईंतील एका परदेशी गृहस्थाच्या इंटरनेट-जोडणीवरून त्याच्या नकळत पाठविला होता, व पोलिसांचा पहिला ससेमिरा त्या बिचाऱ्याच्याच मागें लागला.

संशयानें गांवच्या गांव कसें भाजून निघतें, हें आमच्या जिल्ह्यास कोणीं शिकवावें? २२ जून १८९७ रोजीं रँडवर गोळी झाडली गेली. मारेकरी सांपडण्यापूर्वींच सरकारनें सगळें पुणें गुन्हेगार धरलें, जादा पोलिसांचा खर्च रहिवाशांवर लादला व नातू बंधूंस खटल्यावांचून अटकेंत टाकलें. परक्या सरकारचा जो न्याय आम्हीं अन्याय म्हटला, तोच आज शेजाऱ्यास लावावयाचा काय? पत्रकर्त्यांनीं असे दावे छापूं नयेत असें नाहीं. पण पाठविणारा कोण हें सिद्ध झालेलें नाहीं, एवढी ओळ त्याच टाइपांत छापावी. २०१० सालच्या त्या इस्लामाबादच्या दूरध्वनीचें पुढें काय झालें, हें किती पत्रांनीं आपल्या वाचकांस कळविलें?