पंप ओढतो की हवा ढकलते?



निळ्या प्लॅस्टिकचं मोठं पिंप तुम्ही सगळ्यांनीच पाहिलेलं असेल. कुणाच्या शेतावर, कुणाच्या गच्चीवर, नाहीतर एखाद्या गॅरेजच्या कोपऱ्यात. कुणी त्याला ड्रम म्हणतं, तर कुणी टिपाड. त्यात साधारण २०० लिटर मावतं. १ लिटर पाण्याचं वजन १ किलो, म्हणजे पाण्याने भरलेल्या पिंपाचं वजन झालं २०० किलोच्या वर! गव्हाची ५० किलोची चार पोती एकावर एक रचली, तर जेवढं वजन होईल तेवढं.

आता समजा, अशा पिंपात फिनेल भरलंय आणि त्यातून एक बाटलीभर काढायचंय. काय कराल? पिंप वाकडं करून ओताल? दोन-तीन धट्टीकट्टी माणसं लागतील, आणि हात सटकला तर पायावर येईल. तांब्या बुडवून काढाल? बंद पिंपाच्या झाकणावरचं तोंड जेमतेम दोन इंचांचं. त्यात तांब्या जाणार कसा?

मग काही मोठी माणसं एक युक्ती करतात. रबरी नळी पिंपात सोडतात, दुसरं टोक तोंडात धरतात आणि जोरात ओढतात. ही युक्ती अतिशय वाईट आहे. का, ते पुढे सांगतेच. पण त्याआधी चांगली युक्ती पाहू या. ती म्हणजे पिंपावर बसवायचा प्लॅस्टिकचा हातपंप.

पिचकारीचा मोठा भाऊ

रंगपंचमीची पिचकारी आठवा. बादलीत टोक बुडवून दट्ट्या मागे ओढला की रंग आत येतो, पुढे ढकलला की बाहेर उडतो. पिंपावरचा पंप म्हणजे या पिचकारीचा मोठा भाऊच. फरक एवढाच, की पिचकारीत रंग ज्या वाटेने आत येतो त्याच वाटेने बाहेर जातो. पंपात मात्र येण्याची वाट वेगळी आणि जाण्याची वेगळी.

ही किमया करतात झडपा. झडप म्हणजे एकाच बाजूला उघडणारं दार. पंपाच्या लांब नळीच्या खालच्या भागात एक झडप असते, दट्ट्यात दुसरी. काही पंपांत ती रबराची चकती असते, काहींत नुसती गोळी. आपण मूठ वर ओढली की दट्ट्या वर जातो, खाली मोकळी जागा तयार होते, खालचं दार उघडतं आणि द्रव आत शिरतो. मूठ खाली दाबली की खालचं दार मिटतं. आत आलेला द्रव आता परत जाऊ शकत नाही, म्हणून तो दट्ट्यातल्या दारातून दट्ट्याच्या वर जातो. पुन्हा मूठ वर ओढली, की वरचा द्रव तोटीतून बाहेर पडतो आणि त्याच वेळी खालून नवा द्रव आत येतो. म्हणूनच पहिल्या दोन-तीन वेळा मूठ हलवली तरी काहीच येत नाही. तेव्हा नळीतली हवा बाहेर पडत असते. घाबरून पंप बिघडला असं म्हणू नका!

दुसरा एक छोटा, स्वस्त पंप असतो. त्याच्या डोक्यावर दाबायचा फुगा असतो, एका बाजूला सरळ नळी आणि दुसऱ्या बाजूला लवचीक नळी. फुगा चार-पाच वेळा दाबला की नळी भरते आणि मग हात काढून घेतला तरी धार चालूच राहते! फक्त एक अट आहे. ज्या भांड्यात द्रव घ्यायचा, ते पिंपातल्या द्रवाच्या पातळीपेक्षा खाली ठेवायला हवं. यालाच सायफन म्हणतात. पुस्तकी मराठीत वक्रनलिका. धार थांबवायची झाली, की फुग्यावरचं छोटं टोपण सैल करायचं. आत हवा शिरते, द्रवाची सलग दोरी तुटते आणि धार बंद.

खरं काम कोण करतं?

आमच्या चौथीच्या वर्गात मी विचारलं, "पंपात द्रव वर कसा चढतो?" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "पंप ओढतो म्हणून!" मग एक मुलगी हळूच म्हणाली, "पण बाई, पाण्याला धरून ओढायला पंपाला हात कुठे असतो?"

किती छान प्रश्न! दोरीला बांधलेली बादली ओढता येते, कारण दोरीला धरता येतं. पाण्याला कसं धरणार? तर गंमत अशी, की दट्ट्या फक्त जागा रिकामी करतो. द्रवाला वर चढवते ती बाहेरची हवा. आपल्या डोक्यावर कित्येक किलोमीटर उंचीचा हवेचा थर आहे आणि हवेलाही वजन आहे. ती पिंपातल्या द्रवाला सतत खाली दाबत असते. नळीत दाब कमी झाला, की बाहेरची हवा द्रवाला नळीत वर ढकलते. नळीने शहाळं पिताना तुमचं तोंड असंच जागा रिकामी करतं. पाणी वर पाठवते हवा.

खोटं वाटतं? मग करून पाहा. एका बाटलीत काठोकाठ पिण्याचं पाणी भरा. त्यात सरबत पिण्याची नळी घाला आणि बाटलीच्या तोंडाशी नळीभोवती मळलेली कणीक घट्ट लावा. कुठेही फट राहू देऊ नका. आता प्या बरं! एखादा घोट आला तर येईल, मग कितीही जोर लावा, पाणी हलणार नाही. कारण बाहेरच्या हवेला आत यायला वाटच नाही, मग ढकलणार कोण? आता कणकेला टाचणीने भोक पाडा आणि पुन्हा प्या.

हे समजलं, की पिंपाचं एक गुपितही समजतं. पिंपाच्या झाकणावर बहुतेक वेळा दोन तोंडं असतात. एका तोंडात पंप बसवायचा आणि दुसऱ्याचं बूच थोडं सैल करायचं. ते घट्ट राहिलं, तर पंप हळूहळू जड होतो आणि शेवटी काही येईनासं होतं. लोक म्हणतात, "पंप खराब निघाला." पंप बिचारा चांगलाच असतो, हवा कोंडलेली असते! घरी तेलाच्या पत्र्याच्या डब्याला दोन भोकं का पाडतात, तेही आता तुम्हाला सांगता येईल.

दहा मीटरचं कोडं

ही गोष्ट माणसाला सहजासहजी कळली नाही बरं का! इटलीत गॅलिलिओ नावाचे थोर शास्त्रज्ञ होते. १६३८ साली छापलेल्या त्यांच्या पुस्तकात एका पंपाची हकिगत आहे. तो पंप विहिरीतून सुमारे १० मीटरपर्यंत पाणी वर आणी, पण पाणी त्याहून खाली गेलं की काही केल्या वर येत नसे. असं का व्हावं?

त्यांच्या अखेरच्या दिवसांत त्यांच्याजवळ राहिलेल्या टॉरिसेली यांनी हे कोडं सोडवलं. पाण्याऐवजी त्यांनी पारा घेतला. पारा पाण्याच्या १३.६ पट जड. एका टोकाला बंद असलेली काचेची लांब नळी पाऱ्याने भरून ती पाऱ्याच्या भांड्यात उलटी उभी केली, तर पारा थोडा उतरला आणि सुमारे ७६ सेंटिमीटरवर थांबला. १६४४ साली एका मित्राला पत्र लिहून त्यांनी याचं कारण कळवलं. आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो आणि त्या हवेचा भारच पाऱ्याला तोलून धरतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

आता तुम्हीच गुणाकार करा. ७६ गुणिले १३.६. उत्तर येतं जवळजवळ १०३४ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे १०.३ मीटर. हवा पाण्याला यापेक्षा वर ढकलूच शकत नाही, मग पंप कितीही भारी असो! पिंपाची उंची मीटरभरसुद्धा नसते, म्हणून आपला हातपंप तिथे आरामात चालतो.

पुढे १६४८ साली फ्रान्समध्ये पास्कल या शास्त्रज्ञाच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्याने पाऱ्याची नळी एका डोंगरावर नेली. माथ्यावर पारा सुमारे ८ सेंटिमीटर खाली आला. वर हवेचा थर कमी, म्हणून दाबही कमी! आपलं कळसूबाई शिखर १६४६ मीटर उंच आहे. तिथे पंप लावला तर पाणी साडेआठ मीटरच्या आसपासच चढेल.

आता तुमच्यातला एखादा हुशार विचारेल, "मग आमच्या गावचा हापसा ३० मीटर खोल बोअरमधून पाणी कसं काढतो?" शाबास! हापशाचा दट्ट्या वर नसतोच. तो लांब सळईच्या टोकाला, खाली पाण्यातच बसवलेला असतो आणि तिथून पाणी वर उचलत आणतो. देशभर गावोगावी दिसणारा 'इंडिया मार्क टू' हापसा १९७० च्या दशकात तयार झाला. त्याचा नमुना होता आपल्या सोलापूरचा पंप!

आता महत्त्वाचं

हातपंप साधा आहे, पण तो चालवताना चार गोष्टी पक्क्या ठाऊक हव्यात.

पहिली गोष्ट, नळी तोंडाने कधीही ओढायची नाही. डिझेल किंवा रॉकेल फार पातळ असतं. तोंडात आलेला थोडासा घोट चुकून श्वासनलिकेत गेला, की फुप्फुसात पसरतो आणि फुप्फुसांना सूज येते. कधीकधी जिवावर बेततं. कुणाच्या पोटात रॉकेल गेलंच, तर त्याला उलटी करायला लावू नका, मिठाचं पाणी पाजू नका. उलटी होताना तेच रॉकेल पुन्हा फुप्फुसात जाऊ शकतं. ताबडतोब दवाखान्यात न्या आणि ज्या बाटलीतलं पोटात गेलं ती बाटलीही बरोबर न्या. डॉक्टरांना तिचा उपयोग होतो.

दुसरी गोष्ट, एका पंपाला एकच द्रव. पंप रिकामा दिसला तरी नळीत आणि झडपांत थोडं उरतंच. २०२० साली करोनाच्या काळात गावोगावी सोडियम हायपोक्लोराइट फवारलं गेलं. ते आणि संडास धुण्याचं अ‍ॅसिड एकत्र आलं, तर क्लोरीन हा विषारी वायू बाहेर पडतो. म्हणून पंपावर रंगाने नाव लिहून ठेवावं. शेतावर जीवामृताच्या पिंपात पंप घालायचा असेल, तर आधी ते कापडातून गाळून घ्यावं. नाहीतर शेणाचा चोथा झडपेत अडकून दार उघडंच राहतं.

तिसरी गोष्ट, पेट्रोलला साधा प्लॅस्टिकचा पंप लावायचा नाही. कोरड्या केसांतून कंगवा फिरवला की तो कागदाचे कपटे उचलतो ना? तशीच वीज प्लॅस्टिकच्या नळीतून पेट्रोल वाहताना साचते. तिला जमिनीत जायला वाट मिळाली नाही, तर ठिणगी उडते, आणि पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगी पुरते. ते काम मोठ्या माणसांचं, आणि तेही त्यासाठी बनवलेल्या पंपानेच.

चौथी गोष्ट सगळ्यांत सोपी, पण सगळ्यांत जास्त विसरली जाणारी. पिंपातून काढलेलं फिनेल, अ‍ॅसिड किंवा डिझेल सरबताच्या वा पाण्याच्या बाटलीत कधी भरायचं नाही. तुमच्या धाकट्या भावाला वाचता येत नाही. त्याला फक्त ओळखीची बाटली दिसते. वेगळी बाटली घ्या, तिच्यावर ठळक नाव लिहा आणि त्याचा हात पोचणार नाही अशा उंचीवर ठेवा.

शिकायचंच असेल, तर साध्या पाण्याच्या पिंपावर शिका. अ‍ॅसिडच्या आणि औषधांच्या पिंपाजवळ एकट्याने जाऊ नका. ते काम हातमोजे आणि चश्मा घालून मोठ्यांनी करायचं. मात्र तुम्हाला एक काम नक्की जमेल. कुणी काका किंवा दादा नळी तोंडात धरताना दिसले, तर बेधडक म्हणा, "काका, थांबा! मी पंप घेऊन येतो." आणि हवेचा समुद्र कसा काम करतो, तेही त्यांना समजावून सांगा. लहानांनी मोठ्यांना शिकवायला काहीच हरकत नाही.

डोकं चालवा

१. रॉकेल पाण्यापेक्षा हलकं असतं. मग हवा त्याला १०.३ मीटरपेक्षा जास्त उंच ढकलेल की कमी?

२. सायफन चालू असताना खालचं भांडं हळूहळू वर उचलत नेलं, तर धारेचं काय होईल? कधी थांबेल?

३. चंद्रावर हवा नाही. तिथे पिचकारीत रंग भरता येईल का?

पहिली दोन उत्तरं वहीत लिहा, दुसरं पाण्यावर करून पाहा आणि तिसऱ्यावर मित्रांशी भरपूर भांडा! उत्तरं पुढच्या अंकात.

तुमच्या बाई