शिट्टी कुणाची?

पाचामुखी परमेश्वर, असे आपल्याकडे म्हणतात. कबड्डीला मात्र पाच मुखे पुरत नाहीत. सरपंच एक, पंच दोन, गुणलेखक एक आणि त्याचे साहाय्यक दोन, असा सहामुखी परमेश्वर तिथे लागतो. त्याचे काही बिघडत नाही. पण हल्ली या परमेश्वराचीही दोन-दोन देवळे होऊ लागली आहेत!

कुस्तीचेच पाहा ना. नोव्हेंबर २०२३ मध्ये 'महाराष्ट्र केसरी'ची स्पर्धा दोनदा झाली. एकदा पुण्याजवळच्या फुलगावात, एकदा धाराशिवात. संघटना दोन, म्हणून आखाडे दोन आणि केसरीही दोन.

ही लागण खाली शाळेच्या मैदानापर्यंत उतरते. करमाळा तालुक्यातले केम हे कुंकवाचे गाव. तिथे एकदा मी शालेय कबड्डीचा सामना पाहायला गेलो होतो. पंचांच्या दोन तुकड्या हजर, दोन निरनिराळ्या संघटनांच्या! दोघांच्याही गळ्यात शिट्टी, खिशात पंच-परीक्षेचे प्रमाणपत्र. पोरे मांडीवर थाप मारून तयार, आणि वडीलधारे 'नेमणूक आमची' म्हणून भर मैदानात अडून बसलेले. शेजारी उभे असलेले एक कुंकवाचे कारखानदार मला हळूच म्हणाले, "सर, कपाळ एक अन् कुंकू लावणारे दोघं!"

तंटा मानधनापुरता असता, तर हसून सोडून दिला असता. पण दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे क्रीडागुण मिळतात, आणि ते मागताना कोणत्या मान्य स्पर्धेत खेळलात हे पाहिले जाते. मान्यतेचा वाद थोरांचा. कागद अडतो तो पोराचा.

कुणी म्हणेल, चढाओढ असलेली बरी. गावात दोन शिंपी असले की शिलाई उतरते. शिंप्याचे ठीक आहे हो! त्याने गिऱ्हाइकाच्या मापाचेच शिवायचे असते. पंचाने गिऱ्हाइकाच्या मापाचा निकाल दिला तर? पुढचे बोलावणे ज्या मुख्याध्यापकांकडून यायचे, त्यांच्याच संघाचा गडी बाद देताना शिट्टी ओठांशी अडखळायचीच.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. परीक्षा उत्तीर्ण झालेल्या साऱ्या पंचांची एकच यादी जिल्हा क्रीडा कार्यालयाने करावी आणि सामन्याच्या सकाळी चिठ्ठ्या टाकून नावे काढावीत. संघटनांनी पंच घडवावेत, वाटू नयेत. नाणेफेकीचा निकाल आपण सारे निमूटपणे मानतो. का? तर नाण्याला पुढच्या आमंत्रणाची आशा नसते!