नालासोपाऱ्याला भाड्याची घरे द्या

मुंबईत घर परवडत नाही म्हणून माणूस वसईची खाडी ओलांडतो. 2011 च्या जनगणनेतच वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या 12 लाखांवर गेली होती. पश्चिमेला वाडवळ, सामवेदी, कुपारी यांच्या वाड्या आहेत, तर पूर्वेला कोकणातला चाकरमानी आणि उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेला कामगार दाटीवाटीने राहतो. इथली घरे मुंबईपेक्षा स्वस्त आहेत हे खरेच, पण पूर्वेकडच्या अनेक वस्त्यांत ही स्वस्ताई आली कुठून? जमीन दुसऱ्याची किंवा आरक्षणाची, परवानगी बनावट, बांधकाम कच्चे. बिल्डरचा वाचलेला प्रत्येक रुपया म्हणजे घेणाऱ्याच्या डोक्यावर ठेवलेला धोका. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखीव जागेवर उभ्या राहिलेल्या 41 इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशाने 2025 च्या सुरुवातीपर्यंत पाडल्या गेल्या आणि सुमारे अडीच हजार कुटुंबे रस्त्यावर आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंट ही अनधिकृत इमारत कोसळून 17 जण गेले.

कागद न पाहता घर घेतले, आता भोगा, असे सुरक्षित सोसायटीत बसून म्हणणे सोपे आहे. प्रत्यक्षात खोली घेणारा कागद पाहतो. त्याला दाखवतात विजेचे बिल, नोटरी केलेला करार आणि महापालिकेची घरपट्टीची पावती. अनधिकृत बांधकामालाही कर लागतो, त्यावर शास्तीही लागू शकते आणि कर भरल्याने इमारत अधिकृत होत नाही, हे त्याला कोण सांगणार? पालिकेच्या शिक्क्याची पावती हातात असताना तो बेसावध राहिला, तर दोष एकट्या त्याचा कसा?

कारवाई कडक केली तर गरिबाने जायचे कुठे, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. स्वस्त खोल्या कमी झाल्या की उरलेल्यांची भाडी चढणारच. त्यावर अधिकृत स्वस्त घरे बांधा, असे ठरलेले उत्तर मिळते. ते अपुरे आहे, याचा पुरावा विरारमध्येच उभा आहे. म्हाडाच्या बोळींज प्रकल्पातली हजारो अधिकृत घरे वर्षानुवर्षे ग्राहकाची वाट पाहत राहिली. पाण्याची बोंब होती, ती सूर्या प्रकल्पाचे पाणी आल्यावर कमी झाली आणि विक्रीही हलली. पण रोजंदारीवरच्या माणसाची अडचण पाण्याने सुटत नाही. त्याच्याकडे पगाराची स्लिप नाही, म्हणून बँक कर्ज देत नाही आणि म्हाडाच्या अर्जाबरोबरची अनामत रक्कमही त्याला जड जाते. चाळवाला मात्र हप्त्याने पैसे घेतो आणि काही विचारत नाही.

अशा माणसाला मालकीपेक्षा आधी हवे आहे खात्रीचे भाडे. एमएमआरडीएने 2008 मध्ये 160 चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना आणली होती. खोल्या फारच लहान होत्या, ही टीका रास्त होती, पण खोली मोठी करताना भाड्याची कल्पनाच गुंडाळली गेली. ती परत आणावी. म्हाडाची न विकली गेलेली घरे भाड्याने द्यावीत, पहिला हक्क पाडकामात बेघर झालेल्यांचा ठेवावा आणि अनधिकृत इमारतींची यादी पालिकेने दुय्यम निबंधक कार्यालयाच्या दारात आणि घरपट्टीच्या प्रत्येक पावतीवर मराठी-हिंदीत ठळक छापावी.