गोळी खाऊन धावू नका

दिवाळीच्या सुट्टीत मुलगा घरी आला. त्याची ट्रंक आवरताना बुटांच्या पॉलिशच्या डबीखाली मला गोळ्यांची एक पट्टी सापडली. दहापैकी सहा गोळ्या संपलेल्या. नाव वाचलं, डायक्लोफेनॅक. "हे कशाला रे?" विचारलं, तर अगदी सहज म्हणाला, "क्रॉस कंट्रीच्या आधी एक घेतो, बाबा. मग पाय दुखत नाहीत. बाकीची मुलंही घेतात."

बाकीची किती मुलं घेतात, ते मला माहीत नाही. पण ती पट्टी कुठून आली, ते मला ठाऊक होतं. जूनमध्ये सामान भरताना 'असू दे, कधी दुखलं-खुपलं तर' म्हणून ती मीच ठेवली होती. त्यामुळे हा लेख लिहिताना पहिला दोष मी माझ्याकडे घेतो, आणि मगच कॅडेट मित्रांशी, उस्तादांशी आणि माझ्यासारख्या पालकांशी बोलतो.

मला बोलायचा थोडा हक्कही आहे. १९९८ साली मी स्वतः सैन्यभरतीची तयारी करत होतो. पहाटे ट्रकची वर्दळ सुरू व्हायच्या आत हथखोजच्या रस्त्यावर रोज दहा किलोमीटर पळायचो. तिसऱ्या आठवड्यात उजव्या नडगीत एका ठरावीक जागी कळ येऊ लागली. बोट ठेवलं तरी दुखायचं. विश्रांती घेतली तर भरती हुकेल, या भीतीनं मी दुकानातून गोळी आणली. गोळीनं काम चोख केलं. कळ थांबली, मी पळत राहिलो. भरतीला नऊ दिवस उरले असताना पळता पळता पाय खाली टेकेना. एक्स-रे निघाला तेव्हा नडगीच्या हाडात सरळ तडा दिसला. हाडावर रोज ताण पडून आधी बारीक भेग पडते. त्याच वेळी थांबलो असतो तर काही आठवड्यांत भरून आली असती. मी तिला बोलू दिलं नाही. पुढचा भरती मेळावा माझ्या वयात बसला नाही. वर्दी घालायची राहिली ती राहिलीच.

आज मी हथखोजच्या औद्योगिक वसाहतीत एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात सुरक्षेचं काम पाहतो. तिथं मोठ्या मोटारीला ओव्हरलोड रिले असतो. मोटारीवर भार वाढला की रिले पडतो आणि मोटार बंद होते. एकदा माल वेळेत पाठवायच्या घाईत कुणीतरी तो रिलेच बायपास केला. मोटार छान चालली, अर्धा तास. मग धूर निघाला. वाइंडिंग जळून गेलं होतं. रिले हा मोटारीचा शत्रू नव्हता. दुखणंही धावणाऱ्याचा शत्रू नसतं. फरक इतकाच, की मोटारीचं रिवाइंडिंग होतं. मूत्रपिंडाचं होत नाही.

मूत्रपिंडाचं नाव मी घाबरवण्यासाठी घेतलेलं नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन या गोळ्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होऊ देत नाहीत. या द्रव्यांमुळे वेदना आणि सूज जाणवते, म्हणून गोळीनं बरं वाटतं. पण हीच द्रव्यं पोटाच्या आतल्या अस्तराचं आम्लापासून रक्षण करतात, आणि रक्तपुरवठा कमी पडला की मूत्रपिंडाकडे जाणारी वाट उघडी ठेवतात. आता लांब पळताना काय होतं ते पाहा. रक्त पायांच्या स्नायूंकडे आणि त्वचेकडे वळतं, आतड्यांना आणि मूत्रपिंडांना कमी मिळतं. वरून घाम जातो, पाणी कमी होतं. मूत्रपिंडाला त्या राखीव वाटेची गरज असते ती नेमकी याच वेळी, आणि नेमकी याच वेळी आपण गोळी घेऊन ती बंद करतो. एरवी आजारपणात घेतलेली गोळी आणि पळण्याआधी घेतलेली गोळी एकच असली, तरी शरीर एकच नसतं.

याचा अभ्यास झाला आहे. जर्मनीत बॉन शहरातल्या २०१० च्या मॅरेथॉनमध्ये जवळजवळ ४,००० धावपटूंना विचारलं, तेव्हा निम्म्यांनी सुरुवातीआधीच वेदनाशामक घेतलेलं निघालं. घेणाऱ्यांमध्ये पोटात कळा, रक्तस्राव, हृदयाचे त्रास अशा तक्रारी न घेणाऱ्यांच्या पाचपट होत्या. नऊ जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं आणि ते सर्व गोळी घेतलेले होते. त्यांतल्या तिघांची मूत्रपिंडं आयबुप्रोफेननंतर बंद पडली होती. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. ८० किलोमीटरच्या टप्प्यात ८९ धावपटूंपैकी काहींना दर चार तासांनी ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन दिलं, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. मूत्रपिंडाला इजा झाल्याची खूण औषधवाल्यांपैकी ५२ टक्क्यांत आणि दुसऱ्या गटात ३४ टक्क्यांत दिसली. अभ्यास लहान आहे आणि अशी इजा बहुतेकांची भरून येते, हेही सांगायला हवं. पण त्यातून दुसरी गोष्टही कळते : इतकं लांब पळणं हेच मूत्रपिंडावर ओझं आहे. त्यावर आणखी ओझं आपण स्वतःहून का टाकायचं?

डायक्लोफेनॅकबद्दल एक गोष्ट आपल्या देशातलीच आहे. आपल्याकडची गिधाडं झपाट्यानं नाहीशी झाली, त्याचं कारण हेच औषध निघालं. गुरांना ते दिलं जाई, मेलेलं गुरू गिधाडं खात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरत. म्हणून २००६ मध्ये सरकारनं जनावरांसाठी ते बंद केलं. माणूस गिधाड नव्हे, माणसाला ते औषध चालतं. पण ज्याला आपण 'साधी पेनकिलर' म्हणतो ते किती ताकदीचं रसायन आहे, हे त्यावरून कळावं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकू नये, असा नियम आहे. दुकानात काय चालतं, ते आपण सगळे पाहतो.

आता समोरची बाजू. मुलगा मला म्हणाला, "बाबा, फौजेत दुखणं सहन करायलाच शिकवतात ना?" खरं आहे. पण गोळी खाणारा सहन करत नाही, त्याला कळतच नाही. पायांचं जळणं, धाप, शेवटच्या किलोमीटरला 'पुरे' म्हणणारं मन, हे सहन करायलाच हवं. त्यातूनच दम वाढतो. एकाच जागी टोचणारी, रोज वाढणारी, लंगडायला लावणारी कळ ही वेगळी. या दोन दुखण्यांतला फरक ओळखायला शिकणं हेही प्रशिक्षणच आहे, आणि गोळी तो फरकच पुसून टाकते. पहाऱ्यावरच्या संत्र्यानं हाक दिली तर आपण उठून पाहतो, त्याच्या तोंडात बोळा कोंबत नाही.

दुसरा युक्तिवाद असा, की मोठ्या सैन्यांतही हे चालतं. चालतं. अमेरिकन सैनिक आयबुप्रोफेनला गमतीनं 'व्हिटॅमिन एम' म्हणतात. त्याच सैन्यातल्या साडेसात लाखांहून अधिक सैनिकांच्या नोंदी तपासून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, या गोळ्या जास्त प्रमाणात घेणाऱ्यांमध्ये मूत्रपिंडाच्या आजाराचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी अधिक आढळलं. तिसरा युक्तिवाद : 'ही गोळी स्पर्धेत बंदी असलेल्या यादीत नाही.' नाहीच. पण ती यादी निर्धोक औषधांची नव्हे. 'मग पॅरासिटामॉल चालेल का?' असंही कुणी विचारेल. तीही वेदना लपवते, जास्त झाली तर यकृताला घातक आहे, आणि तिनं ताप दाबून धावायला उतरणं तर त्याहून वाईट. तापात पळणाऱ्याच्या हृदयावर बेतू शकतं.

माझं मत स्पष्ट आहे. धावण्याआधी आणि धावताना वेदनाशामक नाही. गोळीशिवाय धावता येत नसेल, तर त्या दिवशी धावायचं नाही. धावल्यानंतर गरज पडलीच, तर पाणी पिऊन, लघवी नीट होऊ लागल्यावर आणि डॉक्टरांना विचारून. लघवी चहासारखी गडद झाली किंवा होतच नसेल, तर वाट न पाहता एम. आय. रूम गाठायची.

पण नुसतं कॅडेटला सांगून भागणार नाही. मुलगा गोळी का घेतो? कारण दुखतंय म्हटलं तर 'कामचोर' म्हणतील, हाउसचे गुण जातील, ही त्याला भीती असते. उस्तादांना माझी नम्र विनंती आहे : क्रॉस कंट्रीच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येकाला एकदा विचारा, 'कुठं दुखतंय?' आणि खरं सांगणाऱ्याचा गुण कापू नका. बहाणे करणारे एक-दोन सुटतील. सुटू द्या. हाड मोडून घेणारा एक जरी वाचला तरी सौदा फायद्याचा आहे. आणि पालकांनो, ट्रंकेत चिवडा ठेवा, लाडू ठेवा, गोळ्या ठेवू नका. मुलाला औषध लागतच असेल, तर ते चिठ्ठीसह एम. आय. रूममध्ये जमा करा.

सुट्टी संपायच्या आधी मी आणि मुलगा पहाटे त्याच रस्त्यावर गेलो. उरलेल्या चार गोळ्या आदल्या रात्रीच त्यानं स्वतः माझ्या हातात दिल्या होत्या. चौथ्या किलोमीटरला तो थांबला आणि म्हणाला, "बाबा, टाच दुखतेय." आम्ही चालत घरी आलो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पाहिलं, बुटाचा तळ झिजला होता, बाकी काही नव्हतं. नवे बूट घेतले. यंदा हाउसमध्ये त्याचा नंबर कितवा आला, ते त्याच्याकडून कळेलच. दुखलं तेव्हा तो थांबला आणि मला सांगितलं, मला तेवढं पुरे आहे.

जय हिंद.