जिनसेंग दिलं कोचने, बंदी भोगली पोरींनी

‘नियम सगळ्यांना सारखा’ असं कोणी म्हटलं की आपल्या कार्यकर्त्याने लगेच मान डोलावू नये. आधी विचारावं, हा नियम पाळायचा खर्च सगळ्यांना सारखा आहे का?

डोपिंगविरोधी नियमांचा पाया म्हणजे ‘स्ट्रिक्ट लायबिलिटी’. साध्या मराठीत सांगायचं तर, खेळाडूच्या लघवीत किंवा रक्तात बंदी असलेलं द्रव्य सापडलं की गुन्हा झाला. ते मुद्दाम घेतलं, चुकून गेलं की कोणी पाजलं, हा प्रश्न गुन्हा ठरवताना येतच नाही. तो येतो शिक्षा ठरवताना. आणि तिथे हे द्रव्य शरीरात कुठून आलं हे खेळाडूने स्वतः सिद्ध करायचं असतं.

2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल आणि ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत 4×400 रिलेचं सुवर्ण आणणाऱ्या मुली आठवतात? अश्विनी अक्कुंजी, सिनी जोस, मनदीप कौर. 2011 मध्ये या तिघी आणि जौना मुर्मूसारख्या आणखी काही धावपटू डोपिंगमध्ये सापडल्या. त्यांचं म्हणणं असं की शिबिरात युक्रेनियन कोच युरी ओगोरोदनिक यांनी दिलेल्या जिनसेंगमधून ते अंगात गेलं. कोचची नोकरी गेली. मुलींना आधी एक वर्षाची बंदी बसली, ती 2012 च्या उन्हाळ्यात संपणार होती. जुलै 2012 मध्ये लोझानच्या क्रीडा लवादाने ती दोन वर्षांची केली. लंडन ऑलिम्पिक गेलं.

आता सरकारी शिबिराचं वास्तव बघा. खेड्यातून आलेली पोर. कोच परदेशी, निवड त्याच्या हातात. त्याने पुडी पुढे केली की ‘सर, याचा लॅब रिपोर्ट दाखवा’ असं ती म्हणेल? नियम म्हणतो, म्हणायलाच हवं होतं. आपल्यापैकी ज्यांनी हॉस्टेलच्या वॉर्डनसमोर तोंड उघडून बघितलंय, त्यांना यातली मेख वेगळी सांगायला नको.

दुसरीकडे यानिक सिनर. मार्च 2024 मध्ये दोनदा क्लोस्टेबॉल सापडलं. त्याच्या फिजिओने स्वतःच्या कापलेल्या बोटावर स्प्रे मारला आणि त्याच हाताने मालिश केलं, हा खुलासा वकील आणि तज्ज्ञांच्या मदतीने झटपट उभा राहिला. तात्पुरती बंदी काही दिवसांत उठली. जगाला बातमी कळली ती ऑगस्टमध्ये. पुढे वाडाने अपील केलं आणि फेब्रुवारी 2025 मध्ये तीन महिन्यांवर तडजोड झाली. या काळात त्याची एकही ग्रँड स्लॅम हुकली नाही.

दोन्ही प्रकरणं एक नाहीत, हे मान्य. सिनरच्या नमुन्यात अंश अत्यल्प होता आणि त्याचा खुलासा न्यायाधिकरणाने तपासून स्वीकारला. तो खोटारडा आहे असं मी म्हणत नाही. माझा आक्षेप एवढाच की निर्दोषत्व सिद्ध करायला पैसा लागतो, आणि तो त्याच्याकडे होता.

यावर कोणी म्हणेल, तुम्हीच तर अ‍ॅट्रॉसिटी कायद्यातल्या उलट्या पुराव्याच्या भाराचं समर्थन करता! करतो, आणि ठणकावून करतो. 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याचं कलम 12 बघा. अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत त्या कायद्याखालचा गुन्हा झाला, तर तो अस्पृश्यतेच्या कारणाने झाला असं न्यायालय गृहीत धरतं. तसं नव्हतं हे आरोपीने दाखवायचं. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यातही 2015 च्या दुरुस्तीने हे आलं की आरोपी पीडिताला ओळखत असेल, तर त्याला जात माहीत होती असं धरायचं. इथे भार कोणावर आहे? ज्याच्या हातात माहिती आणि सत्ता आहे त्याच्यावर. म्हणजे भार उलटा टाकणं वाईट नाही. तो कोणाच्या खांद्यावर टाकला, यावर सगळं ठरतं.

डोपिंगच्या नियमांनी तो नेमका उताराच्या दिशेने ढकललाय. खेळाडूला गृहीतकावर दोषी धरायचं. कोचने औषध दिलं असा आरोप असेल तर मात्र ते यंत्रणेने सिद्ध करायचं. सिद्ध झालं तर शिक्षा जबर आहे, अगदी आजन्म बंदीपर्यंत. पण सिद्ध करायला साक्ष कोण देणार? तीच पोर, जिचं पुढचं शिबिर अजून व्हायचंय.

डोपिंगला सूट द्या असं कोणी ऐकू नये. 2023 मध्ये भारतात 5,606 नमुने तपासले, त्यातले 213 सदोष निघाले. म्हणजे 3.8 टक्के. मोठ्या प्रमाणावर तपासणी करणाऱ्या देशांत आपण सगळ्यात वर आहोत. हे आकडे फक्त खेळाडूंच्या लबाडीचे आहेत असं ज्याला वाटतं, त्याने एकदा पोलीस भरतीच्या मैदानाबाहेर कोण काय विकतंय ते जाऊन बघावं.

म्हणून मागणी नेमकी करा. शिबिरात दिलेल्या प्रत्येक गोळी-पावडरची लेखी नोंद आणि सरकारी खर्चाने तपासणी. नोंद नसेल तर जबाबदारी महासंघाची. कोचच्या हातून आलेल्या वस्तूत द्रव्य सापडलं, तर आपण ते दिलं नाही हे कोचने सिद्ध करायचं. आणि नमुना सदोष निघाला त्या दिवसापासून खेळाडूला मोफत वकील. आपल्याकडे 2022 चा राष्ट्रीय डोपिंगविरोधी कायदा आहे. जागतिक संहिता बदलायला वेळ लागेल, पण शिबिरातली नोंदवही आणि वकिलाची फी यासाठी वाडाची परवानगी लागत नाही.