वर्दीचा परवाना कोणाच्या हाती?

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात केशभूषा व सौंदर्यप्रसाधन (कॉस्मेटॉलॉजी) या व्यवसायाचा परवाना घेऊ इच्छिणाऱ्यास २०२१ अखेरपर्यंत १६०० तासांचे शिक्षण घ्यावे लागे. आता १००० तासांचे घ्यावे लागते. त्याच राज्यात पोलिसाच्या मूलभूत प्रशिक्षणाची किमान मर्यादा ६६४ तासांची आहे. हा फरक विचित्र खरा, परंतु आमचा आक्षेप त्याहून गंभीर आहे. केशभूषाकाराने गैरवर्तन केले तर त्याचा परवाना रद्द करण्याचा अधिकार राज्याकडे पूर्वीपासून होता. गैरवर्तन करणाऱ्या पोलिसाला त्या पेशातून कायमचे दूर करण्याचा अधिकार मात्र राज्याच्या पोलीस मंडळाला २०२१ साली झालेल्या कायद्याने मिळाला, आणि हे मंडळ तर १९५९ पासून अस्तित्वात आहे! ज्याच्या हाती कात्री त्याच्यावर राज्याची नजर, आणि ज्याच्या कमरेला पिस्तूल त्याला मोकळीक, हा कोणता न्याय?

ही विसंगती समजून घेण्यासाठी तेथील व्यवस्था ध्यानी घेतली पाहिजे. आपल्याकडे राज्याचे एकच पोलीस दल असते. अमेरिकेत शहर, परगणा, विद्यापीठ अशा प्रत्येकाचे दल स्वतंत्र. अशी सुमारे १८ हजार दले त्या देशात आहेत. एका दलाने शिपायास काढले तरी ते केवळ त्या दलापुरते. पेशाची दारे बंद करायची तर त्याचा परवानाच काढून घ्यावा लागतो, आणि तो अधिकार त्या त्या राज्याच्या पोलीस मानके व प्रशिक्षण मंडळाचा. हे मंडळ दुबळे असले, की एका गावाने हाकललेला मनुष्य दुसऱ्या गावात वर्दी चढवून उभा राहतो.

ही केवळ कल्पना नव्हे. २२ नोव्हेंबर २०१४ रोजी ओहायो राज्यातील क्लीव्हलंड शहरात खेळण्यातले पिस्तूल हाती असलेल्या तामीर राईस या बारा वर्षांच्या मुलावर, गाडी येऊन थांबल्यापासून अवघ्या दोन सेकंदांत, एका पोलिसाने गोळी झाडली. हा पोलीस यापूर्वी जवळच्याच एका लहान शहराच्या दलात होता. तेथील वरिष्ठांनी तो या कामास योग्य नसल्याचा शेरा मारला आणि त्याने राजीनामा दिला. क्लीव्हलंडने ती कागदपत्रे पाहिलीच नाहीत. पुढे २०१७ साली त्याला बडतर्फ करण्यात आले ते गोळीबारासाठी नव्हे, तर नोकरीच्या अर्जात खोटी माहिती दिल्याबद्दल. त्यानंतरही २०१८ मध्ये ओहायोतच, २०२२ मध्ये पेनसिल्व्हेनियात आणि २०२४ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात लहान गावांनी त्याला पोलीस म्हणून घेतले. तिन्ही वेळा तो बाहेर पडला तो लोकक्षोभामुळे. जे काम कायद्याने करावयाचे, ते प्रत्येक वेळी संतप्त नागरिकांनी करावे काय?

हा अपवाद आहे असे कोणी म्हणेल. फ्लोरिडा राज्यातील सुमारे ९८ हजार पोलिसांच्या तीस वर्षांच्या नोंदी तपासून दोन कायदेपंडितांनी २०२० साली येल विद्यापीठाच्या विधिविषयक नियतकालिकात आपले निष्कर्ष मांडले. पूर्वी कोठे तरी बडतर्फ झालेले जवळजवळ अकराशे पोलीस कोणत्याही एका वर्षी त्या राज्यात नोकरीत होते. म्हणजे शंभरात तीन. आणि असे पोलीस पुन्हा बडतर्फ होण्याचे प्रमाण इतरांहून अधिक आढळले. शंभरात तीन ही संख्या अल्प वाटेल. परंतु विमानतळावरील शंभर वैमानिकांपैकी तिघांना पूर्वी कोठे तरी काढून टाकले होते असे समजले, तर आपल्यापैकी किती जण निश्चिंतपणे विमानात चढतील?

मराठी वाचकाने सातासमुद्रापलीकडच्या या प्रश्नाची चिंता का करावी? कारण आपली मुले-नातवंडे तेथे शिकतात, नोकरी करतात, आणि आजी-आजोबा त्यांच्याकडे जाऊन-येऊन असतात. २३ जानेवारी २०२३ रोजी सिअ‍ॅटल शहरात आंध्र प्रदेशातून शिकायला गेलेली तेवीस वर्षांची विद्यार्थिनी पादचाऱ्यांच्या पट्ट्यांवरून रस्ता ओलांडताना पोलिसांच्या गाडीखाली मरण पावली. ताशी २५ मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर ती गाडी ७४ मैलांपर्यंत पोहोचली होती. चालवणाऱ्या पोलिसाला २०१३ साली अ‍ॅरिझोनातील टुसॉनच्या दलाने उमेदवारीच्या काळातच कमी केले होते. ती नोंद २०१९ मध्ये सिअ‍ॅटलमधील त्याच्या नेमणुकीच्या आड आली नाही. या मृत्यूनंतर दुसऱ्या एका पोलिसाने हसत हसत तिच्या जिवाचे मोल फारसे नव्हते असे उद्गार काढले. ते त्याच्याच अंगावरच्या कॅमेऱ्याने टिपले. पुढे दोघांनाही सिअ‍ॅटलच्या दलाने बडतर्फ केले. पण बडतर्फी म्हणजे पेशाबाहेर जाणे नव्हे, हे आपण वर पाहिलेच आहे.

परवान्याला विरोध करणाऱ्यांचे काही युक्तिवाद आहेत, आणि ते झटकून टाकण्याजोगे नाहीत. पोलीस संघटना म्हणतात, खोट्या तक्रारीने प्रामाणिक शिपायाची भाकरी जाईल. भीती रास्त आहे; म्हणूनच आरोपपत्र, सुनावणी आणि अपील यांची तरतूद हवी. डॉक्टरांना आणि वकिलांना हेच संरक्षण आहे, तरी त्यांचे परवाने रद्द होतातच. दुसरे म्हणतात, आमच्या गावाचा शिपाई आम्ही निवडू, राज्याने मध्ये पडू नये. शाळाही आपला शिक्षक स्वतःच निवडते, पण राज्याने पात्र ठरवलेल्यांतूनच. तिसरे म्हणतात, भरतीला माणसेच मिळत नाहीत. गरीब गावाची ही अडचण खरी आहे. परंतु माणूस मिळत नाही म्हणून अपात्र माणसाच्या हाती शस्त्र देणे, हा अडचणीवरचा उपाय नव्हे. तो त्या गावातील दुर्बळांवर लादलेला धोका आहे.

तथापि परवाना म्हणजे रामबाण असे आम्ही मानत नाही. पोलिसांना रीतसर परवाना देण्याची पद्धत मिनेसोटा राज्याने १९७७ च्या कायद्याने सर्वांआधी सुरू केली, आणि तेथे दोन वर्षांचे महाविद्यालयीन शिक्षणही आवश्यक आहे. त्याच राज्यात २५ मे २०२० रोजी जॉर्ज फ्लॉइडचा जीव गुडघ्याखाली गेला. त्या पोलिसाविरुद्ध डझनाहून अधिक तक्रारी होऊनही त्याचा परवाना शाबूत होता. देणारा हात उदार आणि काढून घेणारा हात लुळा असेल, तर परवाना हा केवळ कागद उरतो.

म्हणून आमचे म्हणणे तीन गोष्टींपुरते आहे. पहिली, राजीनामा दिला तरी चौकशी थांबू नये. गुपचूप राजीनामा घेऊन कोऱ्या पाटीने दुसऱ्या गावी धाडणे हा शेजाऱ्याच्या अंगणात कचरा टाकण्याचा प्रकार आहे. दुसरी, निर्णय देणाऱ्या मंडळात पोलिसांचे बहुमत नसावे. मॅसॅच्युसेट्सने २०२० अखेरच्या कायद्याने नऊ सदस्यांचा आयोग नेमून त्यात सामान्य नागरिकांस बहुमत दिले आणि दर तीन वर्षांनी परवान्याचे नूतनीकरण सक्तीचे केले. हे अनुकरणीय आहे. तिसरी, परवाना गमावलेल्यांची सर्व देशासाठी एकच सक्तीची नोंदवही हवी. आज राज्यमंडळांच्या संघटनेची एक सूची आहे. पण तिच्यात नावे कळवणे बहुतांशी राज्यांच्या मर्जीवर आहे. राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद असलेले विधेयक कनिष्ठ सभागृहाने २०२० व २०२१ मध्ये संमत केले, सिनेटमध्ये ते अडले. केंद्रीय पोलिसांपुरती एक नोंदवही डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. २०२५ च्या आरंभी नव्या अध्यक्षांनी तिचा मूळ आदेशच रद्द केला आणि तीही बंद पडली. वर्षभराहून थोडे अधिक एवढेच तिचे आयुष्य!

वर्दी ही शिपायाची मालमत्ता नव्हे, आणि त्याच्या वरिष्ठांची देणगीही नव्हे. ती समाजाने विश्वासाने सोपवलेली ठेव आहे. ठेव मोडणाऱ्याकडून ती परत घेण्यात प्रामाणिक पोलिसाचा अपमान कसला? उलट ज्याने आयुष्यभर ती निष्कलंक जपली, त्याची प्रतिष्ठा राखण्याचा हाच मार्ग आहे. ज्या राज्याला वर्दी देता येते, त्याला ती काढूनही घेता आलीच पाहिजे. आणि एका राज्याने काढलेली वर्दी दुसऱ्या राज्याच्या सीमेवर पुन्हा अंगावर चढता कामा नये.